चुकलेली वजाबाकी घेऊन या

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे : शाळेतील गणित आणि शिक्षकांना लागणारी मदत

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यात केंद्रप्रमुख आहे. माझ्या केंद्रातील, म्हणजे माझ्याकडे असलेल्या शाळांच्या गटातील, बहुतेक शाळा द्विशिक्षकी आहेत. वर्षभरात केंद्राच्या शिक्षण परिषदेत गणितावर तीन व्याख्याने ठेवली. वक्ते चांगले होते, पीपीटी उत्तम होत्या, शिक्षकांनी माना डोलावल्या. परंतु वर्गभेटीला गेल्यावर फळ्यावर पूर्वीचीच मांडणी आणि वह्यांत पूर्वीच्याच चुका दिसतात. पुढील परिषदेत गणितासाठी दोन तास मिळणार आहेत. त्यांचे काय करावे?

उत्तर : या दोन तासांसाठी वक्ता बोलावू नये. परिषदेच्या पत्रातच असे कळवावे की चौथी-पाचवीला शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने ३०४ − १७८ हे एकच उदाहरण आदल्या दिवशी मुलांना द्यावे आणि ज्यांचे उत्तर चुकले अशा पाच मुलांचे कागद, लाल शाई न लावता व नाव झाकून, सोबत आणावेत. शिक्षकांना हे थोडे विचित्र वाटेल, कारण परिषदेला आपण नेहमी चांगल्या वह्या घेऊन जातो. म्हणून पत्रात हेही स्पष्ट लिहावे की या कागदांची कोठेही नोंद होणार नाही.

कागद टेबलावर पसरले की पुढील चार उत्तरे बहुधा सापडतीलच. पहिले २७४. या मुलाने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे. वरचा कोणता आणि खालचा कोणता याच्याशी त्याला कर्तव्य नाही. दुसरे १७६. या मुलीला चारातून आठ जात नाहीत हे कळते, दशकाच्या घरात घेण्यासारखे काही नाही हेही कळते, म्हणून तिने थेट शतकाकडून एक आणून एककाला दिला आणि मग शून्यातून सात जाईनात तेव्हा सातच लिहून मोकळी झाली. तिसरे १०६. येथेही शतकाकडूनच आणले आहे, पण ‘शून्यातून काही जात नाही, म्हणून शून्य’ असा न्याय लावला आहे. चौथे १३६, आणि हे उत्तर मला सर्वांत मोलाचे वाटते. या मुलाने शतकाकडून घेऊन दशकाच्या शून्याचे दहा केले, त्यांतला एक एककाला दिला, केवळ दहाचे नऊ झाले हे लिहायचे त्याच्याकडून राहिले. तो बरोबर उत्तरापासून, म्हणजे १२६ पासून, एका पावलावर उभा आहे. आपण मात्र या चौघांनाही तीच फुली मारतो आणि शेजारी ‘सराव करा’ असे लिहितो. पहिल्या मुलाने वीस उदाहरणांचा सराव केला तर तो मोठ्यातून लहान वजा करण्याचाच सराव करील.

हे चार ढीग वेगळे झाले की शिक्षकांना दोन-दोनच्या जोडीने बसवावे आणि प्रत्येक ढिगातले मूल ५०२ − १६३ चे उत्तर काय लिहील, याचा अंदाज करायला सांगावे. अनुक्रमे ४६१, ३६९, ३०९ आणि ३४९ अशी उत्तरे यायला हवीत. खरे उत्तर ३३९ आहे. ‘मूल असे का करते’ या प्रश्नावर तासभर बोलून जे साधत नाही, ते मुलाचे पुढचे चुकीचे उत्तर आधीच लिहून दाखवण्याने साधते, कारण तेथे शिक्षकाला मुलाच्या डोक्यातून विचार करावाच लागतो. उदाहरण निवडताना मात्र सावध राहावे. ५०२ − १६३ ऐवजी ४०२ − १५६ घेतले, तर दुसऱ्या आणि चौथ्या ढिगातली मुले दोघेही २५६ असेच उत्तर लिहितील आणि दोन अगदी वेगळे विचार एकाच उत्तराखाली झाकले जातील. चाचणीतले आकडे कसे निवडायचे हेच गणित शिकवणाऱ्याचे खास कसब आहे, आणि आपल्या प्रशिक्षणांत त्याला क्वचितच वेळ मिळतो.

दुसऱ्या तासाला उपायाकडे वळावे. शंभराच्या तीन नोटा आणि एक रुपयाची चार नाणी एका शिक्षकाच्या हातात द्या आणि त्यांना १७८ रुपये द्यायला सांगा. खेळातल्या नोटाही चालतील. शंभराची मोड करून दहाच्या दहा नोटा घ्याव्या लागतात, त्यांतल्या एकीची पुन्हा मोड करावी लागते आणि हातात दहाच्या नऊच नोटा उरतात. चौथ्या मुलाच्या कागदावर जो नऊ हरवला होता, तो येथे बोटांत दिसतो. ‘उसने घेणे’ या शब्दापेक्षा ‘मोड करणे’ हा शब्द मुलांना लवकर उमगतो, असा माझा अनुभव आहे. उसने घेतलेले परत द्यावे लागते, आणि एका चौथीतल्या मुलाने मला ‘ते कधी परत करायचे?’ असे विचारले तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते. शिवाय जुन्या पिढीतील काही जण हातचा खालच्या अंकात मिळवून वजाबाकी करतात. ती पद्धतही शुद्ध आहे. पण घरी आजोबांची आणि शाळेत बाईंची अशा दोन पद्धती एकाच उदाहरणात मिसळल्या की पाचवाच ढीग तयार होतो.

परिषदेनंतर वर्गभेटीला जाल तेव्हा त्या दिवशी तपासणीचा नमुना सोबत नेऊ नका. आपण मदतनीसही आहात आणि अधिकारीही, आणि शिक्षकाच्या दृष्टीने हातात कागद असलेला माणूस अधिकारीच असतो. मागच्या बाकावर दोन मुलांच्या शेजारी बसावे, ती काय लिहितात एवढेच टिपावे आणि तास संपल्यावर शिक्षकाशी त्या दोन मुलांविषयीच बोलावे. जपानमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून शिक्षक एकत्र बसून एक पाठ बांधतात, त्यांतला एक जण तो शिकवतो, बाकीचे पाहतात आणि नंतर चर्चा होते ती पाठाची होते, शिकवणाऱ्याची होत नाही. आपल्याकडच्या द्विशिक्षकी शाळेत अख्खी शाळा सोडून दुसऱ्याचा पाठ पाहायला जाणे शक्य नाही हे मला मान्य आहे. पण कागद एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाऊ शकतात. पुढील महिन्याच्या परिषदेला त्याच शिक्षकांनी त्याच मुलांचे नवे कागद आणावेत, आणि निदान तीन महिने विषय वजाबाकीचाच ठेवावा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शिक्षकांसाठी वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. हे तास पन्नास विषयांत वाटले की हजेरीपत्रक भरते आणि पदरात काही पडत नाही.

प्रश्न : मी मराठी विषय घेऊन बी. ए. केले, त्यानंतर डी. एड. केले. आता उच्च प्राथमिक शाळेत मला सहावी-सातवीचे गणित दिले आहे, कारण दुसरे कोणी नाही. रीती मला येतात. परंतु अपूर्णांकांच्या भागाकारात दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा, असे एका मुलीने विचारले आणि मी ‘नियमच आहे’ असे म्हणून वेळ मारून नेली. मुख्याध्यापकांना विचारायची लाज वाटते. मी गणित शिकवणे योग्य आहे का?

उत्तर : शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणिताचा किमान एक शिक्षक असावा असे सांगितले आहे, पण ज्या शाळेत तो नाही तेथे कोणीतरी उभे राहावेच लागते, आणि तुम्ही उभ्या आहात. ज्या प्रश्नाची तुम्हाला लाज वाटली, तोच प्रश्न लिपिंग मा या संशोधिकेने अमेरिकेतील २३ आणि चीनमधील ७२ प्राथमिक शिक्षकांना विचारला होता. तो अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. पावणेदोन भागिले अर्धा याचे उत्तर काढा आणि त्यासाठी एक गोष्ट रचा, असा तो प्रश्न होता. पदवीधर असलेल्या २३ अमेरिकी शिक्षकांपैकी केवळ नऊ जणांचे उत्तर पूर्णपणे बरोबर आले आणि गणिताच्या दृष्टीने योग्य गोष्ट एकालाच रचता आली. चीनमधील सर्वांची उत्तरे बरोबर होती आणि त्यांतील बहुतेकांनी योग्य गोष्टी रचल्या, जरी त्यांचे औपचारिक शिक्षण अमेरिकी शिक्षकांपेक्षा कमी वर्षांचे होते. ते शिक्षक पाठ्यपुस्तक ओळीओळीने अभ्यासत आणि सहकाऱ्यांबरोबर नियमितपणे बसून त्यावर चर्चा करत. तुमच्या पदवीविषयी मी म्हणूनच काही बोलणार नाही. तुम्ही कोणाबरोबर बसता, हे मात्र विचारीन.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. अमेरिकी शिक्षकांपैकी अनेकांनी जी गोष्ट रचली ती पावणेदोनचे दोन सारखे भाग करण्याची होती. मराठीत हा फरक आपल्याला आयता मिळतो. ‘निम्मे करणे’ वेगळे आणि ‘अर्ध्याने भागणे’ वेगळे. पावणेदोन लिटर दूध आहे आणि हातात अर्ध्या लिटरचे माप आहे. ते किती वेळा भरेल? वर्गात खरोखर पाणी आणि मापे घेऊन हे करावे. तीन मापे भरतील आणि थोडे पाणी उरेल. येथे थांबावे, कारण मुले म्हणतील, ‘तीन आणि पाव.’ उरलेले पाणी पाव लिटर आहे हे त्यांचे म्हणणे खरेच आहे, पण प्रश्न लिटरचा नव्हता, मापांचा होता. पाव लिटर म्हणजे अर्धे माप. म्हणून उत्तर साडेतीन. सगळा भागाकार या एका क्षणात आहे आणि रीतीच्या घाईत आपण तो क्षण टाळतो.

हे पटल्यावर उलटा करण्याचे कारण सांगता येते. एका लिटरमध्ये अर्ध्या लिटरची दोन मापे बसतात, म्हणून पावणेदोन लिटरमध्ये पावणेदोनच्या दुप्पट बसतील. माप पाऊण लिटरचे असेल तर? एका लिटरमध्ये एक माप पूर्ण भरते आणि पाव लिटर उरते; पाऊण लिटरच्या मापात पाव लिटरचे तीन भाग असल्यामुळे उरलेले पाणी म्हणजे मापाचा एक तृतीयांश. म्हणजे एका लिटरमध्ये एक पूर्णांक एक तृतीयांश, अर्थात चार तृतीयांश मापे. तीन चतुर्थांशाचा उलटा अपूर्णांक चार तृतीयांश असतो तो यामुळे: एका एककात ते माप किती वेळा बसते, हे तो सांगतो. मग जेवढे लिटर असतील तेवढ्याने त्याला गुणायचे.

तुमचे मराठीचे शिक्षण येथे तुमच्या उपयोगी पडेल असे मला वाटते. सवा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन हे शब्द आपल्या मुलांच्या तोंडात शाळेत येण्यापूर्वीच असतात. एके काळी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत. १९५७ साली दशमान नाणी आली, पुढे वजनमापेही दशमान झाली आणि त्या पाठांतराचा व्यवहारातला आधार गेला. ते पाठांतर परत आणावे असे मी म्हणणार नाही, पण शब्द अजून बाजारात जिवंत आहेत आणि अपूर्णांकाचा धडा मात्र ‘अंश’ आणि ‘छेद’ या दोन अनोळखी पाहुण्यांपासून सुरू होतो. ‘पाऊण’ हा शब्द ठाऊक असलेल्या मुलाला तीन छेद चार असे लिहायला शिकवणे, हे त्याला ‘तीन छेद चार’ चा अर्थ शिकवण्यापेक्षा पुष्कळ सोपे आहे.

लाजेविषयी एक व्यावहारिक गोष्ट. त्या मुलीला उद्या वर्गात सांगा की तिचा प्रश्न चांगला होता आणि तुम्ही त्यावर विचार करून आलात. यापुढे अडलात तर ‘मला पाहावे लागेल, परवा सांगते’ असे म्हणा आणि परवा खरोखर सांगा. हे दुसरे पाळले नाही तर पहिले मुले दोनदाच ऐकून घेतात. मुख्याध्यापकांना विचारणे जड जात असेल, तर केंद्रातील सहावी-सातवीला गणित शिकवणाऱ्या दुसऱ्या एखाद्या शिक्षिकेला फोन करावा. तिलाही हा प्रश्न पडलेला असेल आणि तिनेही तो कोणाला विचारलेला नसेल.

प्रश्न : मी निवृत्त अभियंता असून गावातील जिल्हा परिषदेच्या शाळेला गणितात मदत करू इच्छितो. दर शनिवारी मुलांना झटपट गुणाकाराच्या युक्त्या शिकवाव्यात आणि शाळेला गणिताचे साहित्य भेट द्यावे, असा विचार आहे. शिक्षकांकडून मात्र फारसा उत्साह दिसत नाही.

उत्तर : त्यांच्या निरुत्साहाचे कारण आपल्या सूचनेतच असावे. आपण मुलांना मदत देऊ करत आहात. शिक्षकांना काय हवे ते अजून विचारलेले दिसत नाही. शनिवारी पाहुण्याने ९८ गुणिले ९७ चुटकीसरशी करून दाखवले की मुले टाळ्या वाजवतात आणि सोमवारी, ‘त्या सरांना किती छान येते,’ असे आपल्या बाईंना सांगतात. बाईंच्या वर्गातल्या काही मुलांना २४ गुणिले ६ मध्ये हातचा कोठून येतो हे अजून समजलेले नसते, आणि त्या युक्तीचा त्यांना काडीचा उपयोग होत नाही.

साहित्याविषयी म्हणाल तर आधी शाळेचे कपाट उघडून पाहण्याची विनंती करावी. गणिताची पेटी तेथे असण्याची शक्यता बरीच आहे, आणि ती बंद असेल तर त्याला आळसाखेरीज दुसरे कारण असू शकते: पेटीतली प्रत्येक वस्तू जडवस्तू नोंदवहीत चढलेली असते, मणी हरवले तर उत्तर शिक्षकाला द्यावे लागते. आपण हरवले तर चालेल असे साहित्य द्यावे. हजारभर आइस्क्रीमच्या काड्या, त्यांच्या जुड्या बांधायला रबरबँड, चिंचोके, दोरीत ओवलेली दहा-दहा मण्यांची दोन रंगी शंभराची माळ. याची किंमत थोडी आणि हिशोब कोणी मागत नाही.

याहून मोठी मदत करायची असेल तर आठवड्यातून एकदा शाळा सुटल्यावर शिक्षकांबरोबर बसून मुलांचे कागद चुकीच्या प्रकारांप्रमाणे वेगळे करू लागावे. चाळीस कागदांचे ढीग लावायला एकट्या माणसाला एक संध्याकाळ लागते, आणि ती संध्याकाळ शिक्षकाची ऑनलाइन माहिती भरण्यात किंवा मतदारयादीच्या कामात गेलेली असते. ढिगांना नावे मात्र शिक्षकालाच ठेवू द्यावीत. आपल्याला अभियांत्रिकीचे गणित येते. त्या मुलांची चूक कशी तयार झाली हे त्यांना शिकवणाऱ्यालाच अधिक ठाऊक असते.

प्रश्न : दुसरीतील काही मुले ‘पस्तीस’ म्हटले की ५३ लिहितात. ‘तीस पाच’ असे म्हणायला शिकवावे, की त्यावरून पालकांची तक्रार येईल?

उत्तर : मुले ऐकतात तसे लिहितात. पस्तीसमध्ये आधी पाच ऐकू येतो, मग तीस. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘सत्तर पाच’ अशी वाचनपद्धती आली तेव्हा महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला. गणित विषय समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी तेव्हा तिची बाजू मांडली होती, पण चर्चा गणितावरून उडून मराठी अस्मितेवर गेली आणि वर्गातला प्रश्न होता तेथेच राहिला. दक्षिणेतल्या भाषांत दशक आधी येतो. कन्नडमध्ये एकवीसला ‘इप्पत्तोंदु’, म्हणजे वीस-एक, म्हणतात. सोलापूर-सांगलीकडच्या वर्गात घरी कन्नड बोलणारे मूल असेल तर त्यालाच विचारून पाहावे, बाकीच्यांना मौज वाटते.

माझे मत असे की ‘तीस पाच’ ही शिडी आहे. पस्तीस हा शब्द मुलाला बाजारात, घरात आणि पुढच्या इयत्तेत लागणारच आहे, म्हणून तो सोडू नये. तीन जुड्या आणि पाच सुट्या काड्या समोर ठेवून ‘तीस आणि पाच, पस्तीस’ असे दोन्ही एका दमात म्हणावे, आणि लिहिताना मुलाने जुड्यांकडे पाहून लिहावे. पालकांनी विचारले तर त्यांनाही काड्या दाखवाव्यात. तक्रार बहुधा तेथेच मिटते.

पस्तीसपेक्षा अवघड जागा पुढे आहे. एकोणसाठ हा शब्द ‘एक उणे साठ’ असा बनला आहे, पण मुलाला त्यात साठ ऐकू येते आणि ते ६९ लिहिते. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हीच गोष्ट दर दहा आकड्यांनी घडते आणि नव्याण्णवला मात्र नियम अचानक बदलतो. पुढच्या आठवड्यात दहा संख्यांचे श्रुतलेखन घ्यावे, त्यात ३५ व ५३, ४६ व ६४, तसेच ५९, ६९ आणि ७९ हे सर्व असू द्यावेत. अंक उलटे लिहिणारी मुले आणि ‘एकोण’ला फसणारी मुले वेगवेगळी निघतील, पहिल्यांना जुड्या लागतील आणि दुसऱ्यांना मण्यांच्या माळेवर साठाच्या एक मणी अलीकडे बोट ठेवावे लागेल.